टीव्हीशेजारचा ‘पाईन कोन’ नक्की कोणाचा? मुंबईकर नवशिक्यांसाठी शंकूंची ओळख

मुंबईतल्या कितीतरी घरांत शोकेसमध्ये नाहीतर टीव्हीच्या शेजारी एखादा तपकिरी, खवल्याखवल्यांचा शंकू ठेवलेला असतो. सिमला, मनाली, मसुरी, राणीखेत अशा कुठल्यातरी सहलीतून आलेला. कुणी त्याला पाईन कोन म्हणतं, कुणी फरचा कोन, कुणी सरळ देवदाराचं फळ. फळ तर तो नाहीच. आणि जमिनीवरून अख्खा उचलला असेल, तर तो फरचा किंवा देवदाराचाही नाही. असं का, ते पुढे येईलच.

मी आमच्या भागातल्या मुलांना झाडं दाखवत फिरते आणि शंकू हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. शंकू झाडासाठी बी राखतो, पिकवतो आणि हवा बघून सोडतो. हे काम एकदा समजलं की तो ओळखणं सोपं जातं, मुंबईच्या दमट हवेत तो टिकवायचा कसा हेही आपोआप कळतं. त्यामुळे सजावटीचा भाग मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. ज्यांनी आजवर शंकू फक्त शोभेला ठेवला, त्यांनी इथे दिलेल्या क्रमानेच जावं.

पायरी १ : शंकू हातात घेऊन नीट बघा

भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. मधे एक दांडा आणि त्याच्याभोवती खवले. एखाद्या उघडलेल्या खवल्याच्या आतल्या बाजूला, बुडापाशी बघितलंत तर शेजारी शेजारी दोन खळगे किंवा दोन फिकट ठसे दिसतील. बिया तिथेच होत्या. चीड आणि कैल (हे दोन्ही हिमालयातले पाईन), देवदार, स्प्रूस, फर या सगळ्यांमध्ये एका खवल्यावर दोन बिया धरतात. बहुतेकांच्या बीला पातळ पापुद्र्याचा पंख असतो, म्हणून ती वाऱ्यावर गरगरत झाडापासून लांब जाऊन पडते.

आंबा किंवा चिंच कापली तर बी गराच्या आत झाकलेली सापडते. या झाडांना फूलही येत नाही आणि फळही धरत नाही. बी खवल्यावर उघडीच वाढते. म्हणून वनस्पतिशास्त्रात यांना प्रकटबीज वनस्पती म्हणतात आणि पानं सुईसारखी असल्यामुळे सूचीपर्णी हे नाव पडलं. हा गट फार जुना आहे. सूचीपर्णी झाडांचे जीवाश्म सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचे सापडतात. तेव्हा फुलणारी झाडं पृथ्वीवर नव्हतीच.

आपण घरी आणतो तो मादी शंकू. नर शंकू लहान, मऊ आणि थोड्या दिवसांचा असतो. पिवळे परागकण वाऱ्यावर सोडून तो गळून पडतो, त्यामुळे सहलीला गेलेल्यांचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. पाईनच्या प्रत्येक परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत कुणी ओळखीचं असेल तर जरूर बघा.

आता शंकू उलटा धरा, देठ वर. खवल्यांच्या रांगा दोन दिशांनी वळत जाताना दिसतील, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. एका दिशेच्या रांगांवर खडूने खूण करत मोजा, मग दुसऱ्या दिशेच्या. बहुतेक वेळा उत्तर ८ आणि १३ किंवा ५ आणि ८ असं येतं. १, १, २, ३, ५, ८, १३ ही मालिका जगभर फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते, पण छंदातल्या लघु-गुरूंच्या रचना मोजताना जैन पंडित हेमचंद्राने १२व्या शतकात, फिबोनाचीच्या आधी, ती मांडली होती. नवा खवला आधीच्या खवल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत फुटत जातो आणि त्यातून ही वळणं तयार होतात. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून घाई करू नका.

पायरी २ : सराव मुंबईतच करा

इथे सूचीपर्णी जंगल नाही, हे खरं. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मूळचं सूचीपर्णी झाड नाही. द्वीपकल्पात एकच मूळची जात आहे आणि ती पार दक्षिणेकडे, केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत. तरीही मुंबईत बघण्यासारखं बरंच आहे.

पहिलं झाड मोरपंखी. सोसायटीच्या बागेत, गेटच्या दोन्ही बाजूंना, बाल्कनीतल्या कुंडीत ती असतेच. शाळेत असताना तिची चपटी डहाळी आपण ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवली आहे, पण तिच्या शंकूकडे सहसा कुणी बघत नाही. जरा जुन्या झाडाच्या फांद्या बाजूला करून बघा. दीड-दोन सेंटिमीटरचे, निळसर हिरवे, वर पांढुरकी साय असलेले आणि टोकांना आकड्यासारखे वळलेले गोळे दिसतील. हे खरेखुरे शंकू आहेत. वाळले की तपकिरी होतात, सहा-आठ जाड खवले फाकतात आणि आतून बिया पडतात. या बियांना पंख नसतो. हिरवा, वाळत आलेला आणि उघडलेला असे तीन शंकू एकाच झाडावर मिळाले तर पहिला धडा घरबसल्या झाला.

दुसरं झाड अरोकेरिया, म्हणजे नर्सरीवाले ज्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात ते. जुने बंगले, चर्चची आवारं, मोठी उद्यानं, कुठेही सरळसोट उंच गेलेलं आणि मजल्यामजल्याने फांद्या फुटलेलं झाड दिसलं की ते बहुधा हेच. याचे मादी शंकू शेंड्याकडे येतात आणि पिकले की झाडावरच सुटे होतात, त्यामुळे अख्खा शंकू हाती लागणं कठीण. मात्र याच्या खोडाकडे बघा. कुक पाईन ही यातली जात विषुववृत्ताच्या दिशेने कलते. २०१७ साली वेगवेगळ्या खंडांतली झाडं मोजून संशोधकांनी हे दाखवलं. सरासरी कल साडेआठ अंशांच्या आसपास निघाला. मुंबई उत्तर गोलार्धात, म्हणजे आपल्याकडे ती दक्षिणेकडे झुकायला हवी. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून आपल्या भागातलं झाड तपासून बघा.

तिसरं सायकस. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाल तेव्हा ते शोधा. (बुधवारी बाग बंद असते.) पामसारखं दिसतं, पण पामशी त्याचं नातं नाही. नर झाडाच्या मधोमध मोठा, पिवळसर, उभा शंकू येतो. सायकस सूचीपर्णी नाही, तरी प्रकटबीज आहे, त्यामुळे शंकूची कल्पना किती जुनी आणि किती वेगवेगळ्या रूपांत आहे ते इथे कळतं.

आता एक फसवं झाड. गोराई, मनोरी, अक्सा, नाहीतर पलीकडे अलिबाग, काशीद इथल्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन. वाळूत नखाएवढे खरबरीत गोळे पडलेले असतात आणि मुलं ते ‘छोटे पाईन कोन’ म्हणून खिशात भरतात. सुरू हे फुलणारं झाड आहे. तो गोळा म्हणजे त्याच्या अनेक बारीक फळांचा झुबका. ज्या सुया वाटतात त्या पानं नसून हिरव्या काड्या आहेत. एक काडी सांध्यावर ओढा, तुकडे सुटे होतील. पाईनची सुई अशी कधी सुटत नाही. हे गोळे जमवायला काहीच हरकत नाही, फक्त शंकूंच्या डब्यात ठेवू नका.

पायरी ३ : हिमालयातले सहा शंकू वेगळे काढा

मुख्य प्रश्न एकच विचारायचा: शंकू फांदीवर उभा होता की लोंबत होता, आणि तो अख्खा गळला की झाडावरच सुटा झाला?

फरपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. फरचे शंकू फांदीच्या वरच्या बाजूला, टोक आकाशाकडे करून ताठ उभे राहतात. कोवळेपणी ते गडद जांभळे किंवा निळसर असतात आणि त्यांवर राळेचे थेंब चमकतात. शरद ऋतूत पिकले की खवला न् खवला, बियांसकट, गळून पडतो आणि फांदीवर मधला दांडा तेवढा उभा राहतो. त्यामुळे फरच्या झाडाखाली अख्खा, वाळलेला, उघडलेला शंकू मिळत नाही. खाली मिळतात ते सुटे खवले. क्वचित वादळाने किंवा खारीने पाडलेला हिरवा शंकू सापडतो, तोही घरी आणला तर काही दिवसांत विखरतो. फर बघायचा असेल तर उंच जावं लागतं. पश्चिम हिमालयात तो साधारण २००० मीटरच्या वर सुरू होतो. नारकंडा, गुलमर्ग या बाजूला छान दिसतो. हिमाचलात त्याला तोस म्हणतात. मान वर करून शेंड्याकडे बघा, दुर्बीण असेल तर फारच बरं. फरचे शंकू झाडाच्या वरच्या भागातच असतात. पान बघूनही तो कळतो: चपटी सुई, खालच्या बाजूला दोन फिकट पट्टे आणि टोकाला बारीक खाच.

देवदाराचे शंकूही फांदीवर उभे असतात आणि तेही झाडावरच सुटे होतात. पण ते जाडजूड, दोन्हीकडे बोथट, मुठीत मावतील न मावतील एवढे. सुया आखूड फांद्यांवर झुबक्याने येतात. शंकू विखुरला तरी वरचं टोक पुष्कळदा एकसंध खाली पडतं. सजावटीच्या दुकानांत ते ‘देवदाराचा गुलाब’ म्हणून मिळतं. मनालीत हिडिंबा मंदिराभोवतीच्या देवदारांखाली हे टोक आणि पंख्याच्या आकाराचे खवले शोधा.

स्प्रूस, हिमाचलात रई, दुरून फरसारखाच वाटतो, आणि दोघं पुष्कळदा एकत्र उभे असतात. याचे शंकू मात्र खाली लोंबतात, पातळ चकचकीत तपकिरी खवल्यांचे असतात आणि अख्खे गळतात. सुई बोटांत फिरवली तर चौकोनी लागते आणि टोचते. जमिनीवरून उचललेला आणि ‘फरचा’ म्हणून घरी आलेला लांबट शंकू पुष्कळदा रईचा असतो.

चीड म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या शोकेसमधला शंकू. जड, लाकडी, प्रत्येक खवल्याचं टोक जाड आणि मागे वळलेलं. कसौली, राणीखेत, मसुरीच्या खालचे उतार, सगळीकडे हाच. सुया लांब आणि तीन-तीनच्या जुडीत. परागीभवन झाल्यापासून हा शंकू पिकायला सुमारे दोन वर्षं लागतात, म्हणून एकाच फांदीवर बोराएवढा, हिरवा मोठा आणि जुना उघडलेला असे तीन पिढ्यांचे शंकू एकदम दिसतात. वणव्यात पेटलेले चिडाचे शंकू उतारावरून घरंगळत जाऊन आग खाली पसरवतात, म्हणून उन्हाळ्यात या जंगलात काडी पेटवू नये.

कैलचा शंकू लांब, सडपातळ, लोंबता आणि राळेने चिकट. सुया पाच-पाचच्या. चिलगोजा हाही पाईनच, हिमाचलातल्या किन्नौरच्या कोरड्या भागात होतो, त्याच्याबद्दल शेवटी.

सहा झाडं एकदम लक्षात राहणार नाहीत. आधी सुयांची जुडी मोजायला शिका: पाच म्हणजे कैल, तीन म्हणजे चीड (किन्नौरमध्ये चिलगोजाही), आखूड फांदीवर मोठा झुबका म्हणजे देवदार, एकेकटी सुई म्हणजे फर किंवा रई. एवढ्यावर बरंचसं काम भागतं.

पायरी ४ : पाण्याचा प्रयोग

हा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. चिडाचा पूर्ण उघडलेला शंकू पातेल्यात पाण्याखाली बुडवून ठेवा. तरंगत असेल तर वर बशी ठेवा. तास-दोन तासांत खवले मिटू लागतात आणि पुढे शंकू पार बंद होतो. मग पंख्याखाली किंवा उन्हात ठेवा. वाळत जाईल तसा पुन्हा उघडेल. कितीही वेळा केलं तरी तेच.

शंकू मेलेला आहे, त्यात एकही जिवंत पेशी नाही, मग तो हलतो कसा? प्रत्येक खवल्याचे दोन थर असतात. बाहेरच्या थरातल्या पेशी पाणी शोषून लांब होतात आणि वाळल्या की आखडतात. आतला थर फारसा बदलत नाही. एक बाजू आखडली की खवला त्या बाजूला वळतो, गच्चीत वाळत घातलेल्या पापडाची कड वळते तसाच. वाळला की बाहेर वळून उघडतो, भिजला की आत मिटतो. झाडाला याचा फायदा सरळ आहे. पावसात बी बाहेर पडली तर पंख भिजून ती बुंध्याशीच पडेल. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी सुटली तर लांब जाईल.

हे रचनेचं काम किती टिकाऊ आहे पाहा: जर्मनीतल्या लिग्नाइट कोळशाच्या खाणींत मिळालेले १ कोटीहून अधिक वर्षांपूर्वीचे शंकू ओले-कोरडे केल्यावर अजूनही हलतात, असं २०१७ साली संशोधकांनी नोंदवलं. उत्तर अमेरिकेतल्या काही पाईनचे शंकू तर नुसत्या कोरड्या हवेने उघडतच नाहीत. खवले राळेने चिकटवलेले असतात. वणव्याची धग लागून राळ वितळली की मगच बी सुटते आणि ती राखेच्या मोकळ्या जमिनीवर रुजते.

युरोपात पूर्वी दाराशी शंकू टांगून हवेचा अंदाज घेत. मुंबईत हा खेळ आणखी मजेचा होतो, कारण आपल्याकडे हवेतल्या ओलाव्याचा फरक मोठा आहे. बाल्कनीत, पावसाचं पाणी थेट लागणार नाही अशा जागी, एक शंकू दोऱ्याने टांगा. मे संपता संपता तो आवळायला लागेल, जुलै-ऑगस्टमध्ये घट्ट मिटलेला राहील आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा फुलेल. दर रविवारी त्याच जागेवरून एक फोटो काढा. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला विषय मला तरी माहीत नाही.

पायरी ५ : सहलीत उचलताना

आपल्याला सुट्ट्या मिळतात मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि दोन्ही वेळी वेगवेगळं सापडतं. चीड एप्रिल-मेमध्ये उघडतो, त्यामुळे उन्हाळी सहलीत रस्त्याच्या कडेला ताजे शंकू भरपूर असतात. फर आणि देवदार शरद ऋतूत विखरतात, म्हणजे त्यांचे सुटे खवले, बिया आणि उरलेले दांडे बघायला दिवाळीची सहल बरी.

झाडावरचा शंकू तोडायचा नाही. हिरवा शंकू तोडला तर आतली बी कच्चीच राहते, आणि घरी तो उघडण्याऐवजी सुकून काळा पडतो. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात खाली पडलेलाही उचलायचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून काही नेता येत नाही. रस्त्याच्या कडेला, हॉटेलच्या आवारात विचारून, एका जातीचे दोन-तीन घ्या. खाली पडलेल्या शंकूत बी उरलेली असते, आणि ती खारी, उंदीर आणि पक्ष्यांच्या पोटात जाते. पोतंभर शंकू गाडीच्या डिकीत भरून आणणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं. कुरतडून नुसता दांडा उरलेला शंकू दिसला तर तो मात्र आवर्जून घ्या. खारीने कुठून सुरुवात केली, खवले कसे ओढून काढले, हे त्यावर वाचता येतं.

परदेशातून शंकू आणू नका. बियांबरोबर किडी आणि बुरशी येतात, म्हणून वनस्पतिजन्य वस्तू आणण्यावर २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाचे निर्बंध आहेत.

शंकू कापडी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते. हाताला राळ लागली तर नुसत्या साबणाने निघत नाही. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण. आणि त्याच क्षणी चिठ्ठी लिहा: ठिकाण, तारीख, साधारण उंची, सुया किती-किती, शंकू झाडावर उभा होता की लोंबता. त्याच झाडाखालच्या थोड्या सुया त्याच पुडीत टाका. चिठ्ठी नसलेला शंकू पुढे ओळखणं जड जातं.

पायरी ६ : मुंबईत टिकवायचा कसा

कोरड्या जुन्या टूथब्रशने माती झाडा. मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा. किडे बाहेर येतील, शंकू मिटेल, घाबरू नका. निथळून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा.

नुसतं ऊन मात्र पुरत नाही. खवल्यांच्या आत अंडी राहतात आणि पावसाळ्यात खालच्या फडताळावर भुसा पडू लागतो. घरात ओटीजी असेल तर जुन्या ट्रेवर फॉइल अंथरून १०० अंश सेल्सिअसला अर्धा ते पाऊण तास तापवा. राळ वितळून खवल्यांवर पातळ चकाकी येते आणि घरभर जंगलाचा वास सुटतो. या वेळात स्वयंपाकघर सोडून जाऊ नका, राळ पेट घेते. मायक्रोवेव्हमध्ये हे करायचं नाही. कैलचा शंकू फार गळतो, त्याला ओटीजीत न घालता पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. किडी त्यानेही मरतात. फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरून पाणी सुटतं.

जूनच्या आधी, शंकू पूर्ण कोरडा आणि उघडा असताना, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा. औषधांच्या बाटल्यांतल्या, बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या साठवून ठेवल्या तर विकत घ्याव्या लागत नाहीत. पांढरी बुरशी दिसलीच तर गॅलरीत नेऊन, तोंडाला रुमाल बांधून ब्रशने झाडा आणि पुन्हा तापवा.

बी रुजवून देवदार वाढवायचा मोह होतो. रोप येतंही, पण मुंबईच्या उकाड्यात ते तग धरत नाही. सूचीपर्णी झाड लावायचंच असेल तर मोरपंखी लावा.

पायरी ७ : सणावारी

गणपतीच्या मखरात शंकू सुंदर दिसतात, पण भाद्रपदात मुंबईची हवा इतकी ओली असते की उघडा शंकू दोन दिवसांत मिटतो. प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री तापवून घ्या आणि मागच्या फळीला तारेने बांधा; गोंदाने चिकटवला तर खवले हलताना गोंद सुटतो. समई, निरांजन, कापूर यांपासून हातभर लांब ठेवा. विसर्जनाच्या वेळी निर्माल्यात टाकू नका, डब्यात परत ठेवा.

नाताळात अडचण नाही, हवा कोरडी असते. वांद्रे, गिरगाव, वसईकडच्या घरांत येशूजन्माचा गोठा मांडतात, त्यात चिडाचे शंकू शोभतात. सोनेरी रंग मारलेले शंकू मला आवडत नाहीत: रंगाने खवले जखडतात आणि त्यांचं उघडणं-मिटणं थांबतं.

पायरी ८ : वस्तुसंग्रहालयात आणि बाजारात

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एकदा फक्त यासाठी जा. तिथे आजच्या इराकमधल्या निमरूदच्या असीरियन राजवाड्यातले शिल्पपट आहेत. तो राजवाडा दुसऱ्या अशुरनासिरपालने बांधला. त्याची कारकीर्द इ.स.पू. ८८३ ते ८५९. या राजवाड्याच्या भिंतींवर पंख असलेल्या दैवी आकृती पुन्हा पुन्हा कोरल्या होत्या: उजव्या हातात शंकू, डाव्या हातात लहानशी बादली. बादलीतलं पाणी शंकूने शिंपडून राजाला आणि पवित्र वृक्षाला शुद्ध करायचं, असा एक अर्थ लावतात. खजुराच्या मादी फुलोऱ्यावर पराग टाकण्याची ही क्रिया आहे, असंही काहींचं मत आहे. आपल्याकडे दर्भाने किंवा आंब्याच्या पानाने पाणी शिंपडणारे हात आपण लहानपणापासून बघतो, म्हणून मला पहिला अर्थ जवळचा वाटतो. त्या दालनात उभं राहून आकृत्यांचे हात सावकाश बघा.

ग्रीक लोकांचा मद्याचा देव डायोनिसस, त्याच्या काठीच्या टोकालाही शंकू असे. रोममध्ये व्हॅटिकनच्या एका अंगणात सुमारे चार मीटर उंचीचा रोमन काळातला काशाचा शंकू उभा आहे. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या कुक्कू घड्याळांच्या साखळ्यांना शंकूच्या आकाराची वजनं लावतात. मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचं नावही तिच्या शंकूसारख्या आकारावरून आलं आहे.

आता फर आपल्या घरात कुठून येतो? औषधातून. काष्ठौषधींच्या दुकानात तालीसपत्र मागा. हिमालयातल्या फरची वाळलेली पानं मिळतील. खोकल्यावरच्या तालीसादी चूर्णात मिरी, सुंठ, पिंपळीबरोबर हीच असतात. औषध वैद्यांना विचारूनच घ्यावं, पण चिमूटभर पानं घेऊन टोकाची खाच आणि खालचे पट्टे दिसतात का ते बघायला काहीच हरकत नाही. पुष्कळदा पानं मोडलेली असतात, तेव्हा निवडून घ्या.

तिथून क्रॉफर्ड मार्केट किंवा मशीद बंदरच्या सुक्या मेव्याच्या दुकानांत चिलगोजा विचारा. हा पाईनचा बी आहे, आपल्या देशात मुख्यतः किन्नौरचा. महाग असतो, आणि त्याला कारण आहे: शंकू झाडावर चढून काढावे लागतात, झाड सावकाश वाढतं, आणि जवळजवळ सगळी बी खाण्यासाठी गेल्यामुळे नवी रोपं कमी उगवतात. ही जात संकटाच्या उंबरठ्यावरची मानली जाते. पन्नास ग्रॅम पुरे. सालासकट घ्या, सोललेला लवकर खवट होतो. दुकानातच एक फोडून चावून बघा. गोडसर आणि किंचित राळेच्या वासाचा असेल तर ताजा. घरी आल्यावर घट्ट बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. खाण्याआधी दोन-चार बिया बाजूला काढून चिडाच्या बीशेजारी ठेवा: चिडाच्या बीला लांब पंख दिसेल, चिलगोजाला नाही, कारण त्याची जड बी वाऱ्यावर उडत नाही, ती लांब नेण्याचं काम प्राणी आणि पक्षी करतात.